कळांचं रसायन

१९५० च्या दशकात स्वीडनमधल्या लुंड शहरात, आणि नंतर स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये, मेंढ्यांच्या गोठवलेल्या शुक्रग्रंथी येऊन पडत असत. कत्तलखान्यात एरवी फेकून दिला जाणारा हा अवयव. सुने बर्गस्ट्रोम या रसायनशास्त्रज्ञाला मात्र तो हवा होता, आणि ढिगानं हवा होता. एवढ्या ढिगातून हाती लागायचे जेमतेम काही मिलिग्रॅम. पण ते मिळवल्यावाचून पुढचं पाऊल पडणार नव्हतं, कारण त्या पदार्थाचा दुसरा धड साठा कुणालाच माहीत नव्हता. पदार्थाचं नाव प्रोस्टाग्लँडिन.

प्रोस्टाग्लँडिनचा इतिहास हा बुद्धीच्या झेपेइतकाच तुटवड्याचाही इतिहास आहे. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी हे रसायन बनवू शकते, पण साठवत कुणीच नाही. जखम झाली, जंतू शिरले, प्रसूतीची वेळ आली, की पेशीच्या आवरणातून ॲराकिडोनिक ॲसिड नावाचं मेदाम्ल सुटं होतं, त्यावर एन्झाइमची प्रक्रिया होते आणि प्रोस्टाग्लँडिन तयार होतं. ते तिथल्या तिथे काम करतं आणि संपतं. हार्मोनसारखा लांबचा प्रवास त्याच्या नशिबी नाही. ई आणि एफ गटातली प्रोस्टाग्लँडिनं रक्तात उतरलीच, तर फुप्फुसांतून एकदा जाताच त्यांचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग निकामी होतो. ई गटातलं प्रोस्टाग्लँडिन माणसाच्या शरीरात दिवसभरात एक मिलिग्रॅमसुद्धा बनत नाही. आणि एवढ्याशा ऐवजावर किती कामं चालतात! ताप चढतो तो मेंदूतल्या हायपोथॅलॅमसवर ई-२ या प्रोस्टाग्लँडिनचा परिणाम झाल्यामुळे. ठणकणारी जागा हात लावताच अधिक दुखते, कारण तिथले मज्जातंतू त्यानं हळवे झालेले असतात. जठराचं अस्तर स्वतःच्याच आम्लापासून वाचतं, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकतो आणि गर्भाशयाला कळा येतात, तेही यांच्याच भरवशावर.

पहिला माग लागला तो गर्भाशयातच. १९३० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात राफाएल कुर्झरॉक आणि चार्ल्स लीब या दोघांनी मानवी गर्भाशयाच्या स्नायूच्या पट्ट्या क्षारद्रावात टांगल्या आणि त्यांवर वीर्य सोडून पाहिलं. काही पट्ट्या आकसल्या, काही सैल पडल्या. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत इंग्लंडमध्ये मॉरिस गोल्डब्लाट आणि स्वीडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर यांना एकमेकांपासून स्वतंत्रपणे तेच सापडलं: वीर्यातलं काहीतरी स्नायू आकसवतं आणि रक्तदाब उतरवतं. हा पदार्थ मेदात विरघळणारं आम्ल आहे, हे फॉन ऑयलरनं दाखवून दिलं आणि १९३५ मध्ये त्याचं बारसंही केलं. तो प्रोस्टेट ग्रंथीतून येतो असा त्याचा समज होता. प्रत्यक्षात तो मुख्यतः शुक्राशयांतून येतो, हे कळेपर्यंत नाव रुळून गेलं होतं.

पुढची दहा वर्षं जवळजवळ काहीच घडलं नाही. महायुद्ध तर होतंच, शिवाय इतक्या सूक्ष्म प्रमाणातला पदार्थ शुद्ध करण्याची साधनंही नव्हती. १९४५ मध्ये कॅरोलिन्स्काच्या एका सभेत तरुण बर्गस्ट्रोमनं लिनोलेइक ॲसिडच्या ऑक्सिडीकरणावर निबंध वाचला. श्रोत्यांत फॉन ऑयलर होता. मेदाम्लं हाताळण्याचं कसब या माणसाकडे आहे हे हेरून त्यानं आपल्याजवळचा मेंढ्याच्या ग्रंथींचा थोडा अर्क त्याला देऊ केला. बर्गस्ट्रोमनं काम सुरू केलं, पण १९४७ मध्ये त्याची लुंडला प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तिथे प्रयोगशाळा उभी करण्यात वर्षं गेली आणि प्रोस्टाग्लँडिन पुन्हा मागे पडलं. अखेर १९५७ मध्ये यान श्योवालसोबत त्यानं पहिले शुद्ध स्फटिक मिळवले. १९६२ पर्यंत रेणूची रचना उलगडली: वीस कार्बन अणूंची साखळी, मधोमध पाच कार्बनचं कडं.

रचना पाहताच पुढचा प्रश्न आपसूक उभा राहिला. वीस कार्बनचं मेदाम्ल तर आपल्या आहारातूनच घडतं, मग शरीर त्यापासूनच हे बनवत असेल का? १९६४ मध्ये दोन ठिकाणांहून एकाच वेळी होकार आला. एक ठिकाण स्टॉकहोम. तिथे आता बर्गस्ट्रोमचा शिष्य बेंग्ट सॅम्युएल्सनही होता. दुसरं ठिकाण म्हणजे हॉलंडमधल्या फ्लार्डिंगन गावातली युनिलिव्हर कंपनीची प्रयोगशाळा. मार्गारीन विकणाऱ्या कंपनीला यात रस असावा, हे वरवर चमत्कारिक वाटतं. पण १९२९-३० मध्येच जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकी दांपत्यानं दाखवलं होतं की उंदरांच्या खाण्यातून मेद पूर्ण काढला तर त्यांची कातडी सोलते, वाढ खुंटते आणि ते मरतात. असं का होतं, याचं नेमकं उत्तर मिळत नव्हतं. डाव्हिड फान डॉर्प आणि त्याच्या सहकाऱ्यांना त्या उत्तराची एक बाजू मेंढ्याच्या त्याच ग्रंथींत दिसली: काही मेदाम्लं आवश्यक असतात याचं एक कारण म्हणजे त्यांच्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनतं.

कुतूहल जगभर जागं झालं, माल मात्र नव्हता. १९६९ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठातल्या आल्फ्रेड वाइनहाइमर आणि रॉबर्ट स्प्रॅगिन्स यांनी कुणाच्या स्वप्नातही नसलेली जागा दाखवली. कॅरिबियन समुद्रात वाढणाऱ्या प्लेक्साउरा होमोमाला या मऊ प्रवाळाच्या वाळवलेल्या सालीत वजनाच्या सुमारे दीड टक्का प्रोस्टाग्लँडिनवर्गीय द्रव्यं होती. सस्तन प्राण्यांत जे कणाकणानं मिळायचं, ते इथे समुद्राच्या तळाशी भरभरून होतं. (प्रवाळाला ते कशाला लागतं, याचा एक खुलासा नंतर मिळाला: ते खाणाऱ्या माशाला वांती होते.) अमेरिकेतल्या कॅलमझूच्या अपजॉन कंपनीनं प्रवाळ तोडून आणायला सुरुवात केली. औषधाची मागणी वाढली तर प्रवाळांची बेटं उजाड होतील, अशी भीती लगेचच व्यक्त होऊ लागली.

प्रवाळ वाचलं ते रसायनशास्त्रामुळे. त्याच १९६९ मध्ये हार्वर्डच्या ई. जे. कोरीनं प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि एफ-२-आल्फा प्रयोगशाळेत सुरुवातीपासून घडवण्याचा मार्ग काढला. त्या मार्गातला एक मधला टप्पा असा होता की तिथून या कुटुंबातल्या हव्या त्या सदस्याकडे वळता यावं. आजही ही औषधं बनवताना त्या टप्प्याचा, 'कोरी लॅक्टोन'चा, आधार घेतला जातो. अपजॉनमधल्या जॉन पाइकनं जगभरच्या संशोधकांना प्रोस्टाग्लँडिनचे नमुने पाठवले. पुढच्या दशकातली कितीतरी संशोधनं त्या नमुन्यांवर उभी आहेत. विज्ञानाच्या इतिहासात अशा वाटपाची दखल फारशी घेतली जात नाही, पण ती घ्यायला हवी.

आता लंडनकडे वळायला हवं. लिंकन्स इन फील्ड्समधल्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये जॉन व्हेन काम करत होता. त्याचं मुख्य साधन होतं जिवंत ऊती. उंदराच्या जठराची पट्टी, कोंबडीच्या पिल्लाच्या आतड्याचा शेवटचा भाग, सशाच्या महाधमनीचा तुकडा असे भाग एकाखाली एक टांगायचे आणि त्यांवरून द्राव झिरपू द्यायचा. द्रावात जे असेल त्याप्रमाणे एखादा तुकडा आकसतो, एखादा ढिम्म राहतो. कुठला किती आकसला त्याची रेघ फिरत्या कागदावर उमटते, आणि त्या रेघांवरून द्रावात काय आहे ते ओळखायचं. यंत्रांना ज्याचा पत्ता लागत नव्हता, अर्ध्या-एक मिनिटात विरून जाणारं असं रसायनही या पद्धतीला सापडे. व्हेन या विद्येतला उस्ताद होता.

१९६९ मध्ये त्यानं आणि प्रिसिला पायपरनं गिनीपिगच्या फुप्फुसात ॲलर्जीचा झटका उठवला आणि त्यातून बाहेर येणारा द्राव या तुकड्यांवर सोडला. सशाची धमनी जोरानं आकसली. ओळखीचं कुठलंच रसायन असा परिणाम करत नव्हतं. आणि ॲस्पिरिन दिलं की त्या अनोळखी पदार्थाचं बाहेर पडणंच थांबत होतं. हा धागा व्हेनच्या डोक्यात दोन वर्षं घोळत राहिला. १९७१ च्या एका शनिवार-रविवारी लेख लिहीत बसलेला असताना त्याला कोडं सुटल्यासारखं वाटलं. ॲस्पिरिन बहुधा प्रोस्टाग्लँडिनला बाहेर पडू देत नाही असं नव्हे, ते बनूच देत नाही. सोमवारी येताच त्यानं सहकाऱ्यांना हे सांगितलं, गिनीपिगचं फुप्फुस वाटलं, त्यात ॲराकिडोनिक ॲसिड घातलं आणि वेगवेगळी औषधं मिसळून पाहिली. इंडोमेथॅसिननं प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती सर्वाधिक रोखली, त्याखालोखाल ॲस्पिरिननं. मॉर्फिनचा काहीच परिणाम दिसला नाही.

जून १९७१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ॲस्पिरिन बाजारात येऊन तेव्हा ७२ वर्षं झाली होती. ॲस्पिरिनच्या कुळातलं द्रव्य असलेली विलो झाडाची साल तापावर चालते हे एडवर्ड स्टोन या पाद्र्यानं रॉयल सोसायटीला कळवलं होतं ते १७६३ मध्ये. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं माणसं या कुळातलं औषध घेत होती, त्याचा गुण अनुभवत होती आणि पोटात जळजळ झाली की सोसत होती. गुण आणि जळजळ या दोन्हींचं मूळ एकच आहे, हे आता उमगलं: जे रसायन ठणका वाढवतं, तेच जठराचं रक्षणही करतं.

बाकीचे दुवे मग भराभर जुळले. १९७५ मध्ये सॅम्युएल्सनच्या गटाला थ्रॉम्बॉक्सेन सापडलं. प्लेटलेटना एकत्र गोळा करणारं हे रसायन तीस सेकंदांत अर्धं होतं. सशाची धमनी आकसवणारा तो अनोळखी पदार्थ मुख्यतः हाच होता. १९७६ मध्ये व्हेनच्या गटाला त्याच्या उलट काम करणारं प्रोस्टासायक्लिन मिळालं. रक्तवाहिन्यांचं अस्तर ते बनवतं आणि गुठळी होऊ देत नाही. हृदयविकाराच्या रुग्णाला रोज ॲस्पिरिनची लहानशी गोळी का देतात, ते यातूनच समजतं. ॲस्पिरिन ही रसायनं बनवणाऱ्या एन्झाइमला, म्हणजे कॉक्सला, कायमचं जायबंदी करतं. रक्तवाहिनीची पेशी नवं एन्झाइम बनवते. प्लेटलेटला केंद्रकच नसल्यामुळे तिला ते जमत नाही, आणि तिच्या दहाएक दिवसांच्या आयुष्यात ती पुन्हा थ्रॉम्बॉक्सेन बनवू शकत नाही. म्हणून ७५ मिलिग्रॅम पुरतात. १९८२ चं नोबेल बर्गस्ट्रोम, सॅम्युएल्सन आणि व्हेन या तिघांना मिळालं.

याच समतोलाकडे डोळेझाक झाली तेव्हा किंमत मोजावी लागली. पोटाला न दुखावणारी वेदनाशामकं म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस या एन्झाइमच्या कॉक्स-२ या एकाच प्रकारावर नेम धरणारी औषधं आली. त्यांतल्या रोफेकॉक्सिबनं प्रोस्टासायक्लिन घटलं आणि प्लेटलेटचं थ्रॉम्बॉक्सेन तसंच राहिलं. हृदयविकाराच्या झटक्यांचं प्रमाण वाढल्याचं दिसल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये मर्क कंपनीनं ते जगभरातून मागे घेतलं.

या इतिहासातल्या एका माणसाचं नाव फार कमी घेतलं जातं: व्हर्नन पिकल्स. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठातल्या या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये पाळीच्या स्रावात स्नायू आकसवणारा पदार्थ असल्याचं दाखवलं, आणि पुढच्या काही वर्षांत तो प्रोस्टाग्लँडिन असल्याचं सिद्ध केलं. पाळीच्या वेदना हा मनाचा, नाजूक स्वभावाचा भाग आहे असं डॉक्टर सर्रास सांगत तो हा काळ. पाळीत अस्तर गळताना गर्भाशयात एफ-२-आल्फा तयार होतं, स्नायू पिळवटतात, त्यांचा रक्तपुरवठा तुटतो आणि असह्य कळ येते. मेफेनॅमिक ॲसिडसारखी गोळी तिथे लागू पडते ती नेमकी याच कारणानं. पोरीबाळींना 'सहन कर, होतं असं' म्हणून गप्प करणाऱ्या घरांना हे सांगायला हवं. ही कळ परीक्षानळीत मोजता येते, आणि तिच्यावर औषध आहे.

नवजात बाळांच्या वाट्यालाही हे ज्ञान आलं. पोटातल्या बाळाची फुप्फुसं बंद असतात, म्हणून रक्त एका आडवाहिनीतून वळसा घेतं. जन्मानंतर ती मिटते. हृदयात जन्मजात दोष असलेल्या काही बाळांचं आयुष्य मात्र तीच वाहिनी उघडी राहण्यावर टांगलेलं असतं. टोरांटोच्या बाल रुग्णालयात फ्लॅव्हिओ कोचेआनी आणि पीटर ऑली यांनी १९७३ मध्ये कोकराच्या वाहिनीवर दाखवलं की ई गटातलं प्रोस्टाग्लँडिन तिला सैल करतं. दोन-तीन वर्षांत निळ्या पडलेल्या बाळांना ई-१ ची धार शिरेतून लावली जाऊ लागली आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ मिळू लागला. मुदतपूर्व बाळांत वाहिनी मिटत नसेल तर उलटा उपाय: इंडोमेथॅसिन द्या.

गोठ्यातही हे रसायन पोचलं. एफ-२-आल्फाचं इंजेक्शन दिलं की गाई-म्हशींच्या बीजाशयावरचा पीतपिंड विरतो आणि काही दिवसांत जनावर माजावर येतं. म्हशीचा मुका माज ओळखण्यात ज्यांच्या रात्री गेल्या आहेत, त्या पशुपालकांना याचं मोल वेगळं सांगायला नको. मात्र हे इंजेक्शन गर्भवती बाईनं हाताळू नये. ते कातडीतूनही शोषलं जातं.

ज्या गर्भाशयात पहिला माग लागला होता, त्याच्यावर हे रसायन औषध म्हणून वापरण्याचा मोठा टप्पा गाठला गेला युगांडात. कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठातल्या सुलतान करीमनं आधी प्रसूतीच्या वेळच्या गर्भजलात आणि रक्तात प्रोस्टाग्लँडिन शोधलं होतं. १९६८ मध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी एफ-२-आल्फा शिरेतून देऊन कळा सुरू करता येतात हे दाखवलं. पुढे गर्भाशयाचं तोंड मऊ करणारं डायनोप्रोस्टोनचं जेल आलं, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं कार्बोप्रोस्टचं इंजेक्शन आलं. दोन्ही गुणकारी, पण दोन्हींना फ्रिज लागतो. जिथे दिवसाचे कित्येक तास वीज नसते, तिथल्या बाळंतिणीला त्यांचा उपयोग किती?

हा पेच सुटला तो भलत्याच हेतूनं बनवलेल्या गोळीमुळे. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सर्ल कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी जठराच्या व्रणावर औषध शोधताना ई-१ च्या रेणूत लहानसे फेरफार केले. मुख्य म्हणजे एक हायड्रॉक्सिल गट शेजारच्या कार्बनवर सरकवला. तयार झालं मिझोप्रोस्टॉल. ते तोंडानं घेता येतं, साध्या तापमानाला टिकतं आणि स्वस्त आहे. १९८० च्या दशकात ते ब्राझीलमध्ये पोटाच्या औषधाच्या नावानं विकायला आलं. गर्भवतींनी घेऊ नये, हा इशारा तिथल्या बायकांनी नीट वाचला. गर्भपाताला कायद्यानं बंदी असलेल्या त्या देशात ही बातमी तोंडोतोंडी पसरली. जीवघेण्या चोरट्या उपायांऐवजी त्या या गोळीकडे वळल्या. हे औषध गर्भाशयावर किती प्रभावी आहे, हे वैद्यकविश्वाला शिकवण्यात या अनाम बायकांचा वाटा मोठा आहे.

आणि मग बेळगाव. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉ. बी. एस. कोडकणी, अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात एक चाचणी घेतली. १,६२० बाळंतिणी, घरी किंवा उपकेंद्रात होणारी बाळंतपणं, डॉक्टर नाही, हाताशी फक्त एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका. बाळ जन्मताच निम्म्याजणींना मिझोप्रोस्टॉलचे ६०० मायक्रोग्रॅम तोंडानं दिले, निम्म्यांना दिसायला तशीच निरुपद्रवी गोळी. रक्त किती गेलं याचा अंदाज एरवी डोळ्यांनी घेतला जाई आणि तो हमखास कमी धरला जाई. इथे बाळंतिणीखाली प्लॅस्टिकचा खुणा केलेला पिशवीवजा तुकडा पसरून रक्त मिलिलिटरमध्ये मोजलं गेलं. अर्ध्या लिटरहून अधिक रक्तस्राव होणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं, एक लिटरहून अधिकचं १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. दर १८ जणींना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळत होता. काहींना हुडहुडी भरली, ताप आला. ई गटातल्या रसायनाकडून तेही अपेक्षितच होतं. ऑक्टोबर २००६ मध्ये 'लॅन्सेट'नं हे निष्कर्ष छापले, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्सिटोसिन हे नेहमीचं इंजेक्शन मिळत नसेल तिथे रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. सांभाळायचं ते ओलाव्याला. पाकिटाचा ॲल्युमिनियमचा पापुद्रा फाटला तर गोळीचा गुण झपाट्यानं उतरतो.

मेंढ्यांच्या ग्रंथींपासून सुरू झालेला तुटवडा रसायनशास्त्रानं संपवला, पण महाराष्ट्रात या औषधाचा एक मानवनिर्मित तुटवडा अजून उभा आहे. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातली स्त्रीभ्रूणहत्येची प्रकरणं उघड झाल्यावर गर्भपातासाठीच्या मिफेप्रिस्टोन-मिझोप्रोस्टॉल या गोळ्यांच्या संचावर करडी नजर आली. चौकशा आणि नोंदींचा ससेमिरा नको म्हणून अनेक औषध दुकानदारांनी हा संच ठेवणंच सोडून दिलं. या गोळ्यांना कायद्यानं परवानगी आहे ती गर्भाच्या नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसू लागतं ते त्यानंतर तीनेक आठवड्यांनी. म्हणजे लिंगनिवडीशी त्यांचा संबंध जोडणं शरीरशास्त्रालाच धरून नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हा संच विकणं कायदेशीर आहे, असं अन्न व औषध प्रशासनानं प्रत्येक जिल्ह्यातल्या दुकानदारांना लेखी कळवावं, आणि तो तालुक्याच्या गावी मिळेल याची जबाबदारी घ्यावी.